पाच तारांचा बेस आणि जिनिंगमधले चाचा

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली, त्याच वर्षी मी बेस गिटार शिकायला घेतली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. चिखलीत राहायचे, जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि हार्मोनियमवर शाळेची प्रार्थना वाजवण्यापलीकडे माझा संगीताशी संबंध नव्हता.

माझ्या मोठ्या भावाचं गाण्याचं पथक होतं. शेती सांभाळून तो जयंतीच्या कार्यक्रमांत, लग्नांत, गृहप्रवेशाला गायचा. आवाज खणखणीत, पांढरी पाचच्या उंच पट्टीत सुरू केलेलं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत त्याच जोराने न्यायचा. या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून त्याने सगळी कपाशीच लावली होती. अळी लागली तेव्हा फवारणीवर फवारणी सुरू झाली. डोक्याइतक्या उंच झालेल्या पिकात फवारताना एक दिवस औषध त्याच्या नाकातोंडात गेलं. तीन दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला, पण गळा बसला तो बसलाच. वरचा सूर लावायला गेला की खोकला यायचा.

तेवढ्यात पथकातला बेस वाजवणारा गडी सुरतेला कामाला निघून गेला. तिकडे वेळ मिळणार नाही म्हणून गिटार भावाकडेच ठेवून गेला. भाऊ ती पाठीला लावून माझ्या घरी आला. म्हणाला, "बाई, तुले पेटी येते. हे बी तूच शीक. मले आता खालीच गाणं आहे, अन् खालचा आवाज याच्यात आहे."

साधारण बेसला चार तारा असतात. हिला पाचवी होती, सगळ्यांत जाड, सगळ्यांत खालच्या सुराची. ती दाबताना माझं करंगळीचं पेर पांढरं पडायचं. महिनाभर मी मोबाईलवर धडे पाहिले. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन अशी पाश्चात्त्य सप्तकांची सात नावं कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवली आणि पोळ्या करताना पाठ केली. बोटं पट्ट्यांवरून वर-खाली धावायला लागली, पण भावाने गाणं सुरू केलं की कुठून सुरुवात करायची हेच कळेना. तालमीच्या चौथ्या दिवशी भावाने हार्मोनियम बंद केली आणि मला जिनिंगमधल्या चाचांकडे जायला सांगितलं.

चाचा जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, हे गावात थोड्यांनाच ठाऊक होतं. सरकी काढायच्या मशीनच्या आवाजात तीस वर्षं काढल्याने त्यांचे कान गेले होते, असं लोक म्हणत. मी गेले तेव्हा कापूसच नसल्यामुळे फॅक्टरी हंगामाच्या ऐन मध्यात बंद पडलेली, आणि ते अंगणात बसून शेजारणीची शिलाई मशीन दुरुस्त करत होते. मी का आले ते दोनदा सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मग मी गिटार सोबत आणलेल्या ॲम्पलीफायरला जोडली आणि पाचवी तार छेडली. ते लगेच म्हणाले, "उतरली आहे. थोडी ताणा."

मी थक्क झाले. त्यांनी हसून समजावलं की मशीनने त्यांचे वरचे आवाज नेले. पाखरं, फोनची घंटी, बायकोचं बोलणं. खालचे मात्र सगळे ठेवले. आणि जो सूर कानाला अंधुक वाटे, तो ते स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून ओळखत. त्या हाताने त्यांनी माझी एकही चूक कधी सोडली नाही.

दर रविवारी सकाळी मी जायला लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना माझी सात नावं कागदावर दाखवली. ती त्यांनी कधीच ऐकली नव्हती. त्यांनी मला सा पासून सा पर्यंत शुद्ध सूर वाजवायला लावले. मग म्हणाले, "आता सूर हेच ठेवा. फक्त रे वर येऊन बसा. तिथून तिथपर्यंत वाजवा, अन् मधी मधी रे वरच परत या." मी वाजवलं आणि लगेच ओळखलं. तो काफी थाट होता, आमच्या कितीतरी गाण्यांचा ओळखीचा, दुखरा रंग. ग वर बसले तर भैरवी. म वर कल्याण. महिनाभर मी जे पाठ करत होते, ते माझ्या लहानपणापासून माझ्या कानात होतं, फक्त मला कुणी तिथे नेऊन बसवलं नव्हतं.

नी ची पाळी आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात कागदावर बोट ठेवून दाखवलं की याला लोक्रियन म्हणतात. चाचांनी तळहात खोक्यावर ठेवून ऐकलं आणि मान हलवली. "असंन. पण याचा प घसरेल आहे. याच्यावर कोणी घर नाही बांधत."

त्यांची एकच सक्ती होती, हाताकडे बघायचं नाही. मी खाली बघितलं की ते विचारायचे, "मॅडम, बोटाकडे काऊन पाहून राह्यल्या? गाणारा समोर असतो." एकेक सप्तक ते मला पाचव्या तारेवर वेगवेगळ्या पट्ट्यांपासून वाजवायला लावत. बोटांची मांडणी तीच, फक्त हात सरकवायचा. चार महिने हेच. मी कंटाळायचे, ते नाही. फॅक्टरी पुन्हा सुरू होईल की नाही याची बातमी रोज बदलत होती, पण रविवारी त्यांच्या तोंडून त्याबद्दल एक शब्द निघाला नाही.

एप्रिलमध्ये जळगाव जामोदला जयंतीचा कार्यक्रम मिळाला. नांदुऱ्यावरून जीपने गेलो. चाचाही आले आणि थेट स्पीकरच्या भिंतीजवळ खुर्ची ओढून बसले. सगळी गाणी आता खालच्या पट्टीत, पांढरी तीनमध्ये बसवली होती. दोन गाणी नीट झाली. तिसऱ्याच्या धृपदावर भावाचा आवाज फाटला. तो थांबला, पाणी प्यायला आणि हार्मोनियमवर हळूच वेगळी पट्टी दाबली. काळी एक, आणखी खालची. आम्ही तिच्यात कधीच सराव केला नव्हता.

मी घाबरून हाताकडे बघणार, इतक्यात चाचांकडे नजर गेली. त्यांचा तळहात खोक्यावर होता आणि ते भावाकडे बघत होते. मीही भावाकडे पाहिलं. हात गिटारवर तीन पट्ट्या खाली सरकला, सा सापडला, मांडणी तीच होती. भाऊ त्या खालच्या सुरात असा गायला की मांडवातल्या बायका पुढे सरकून बसल्या. जोर नव्हता, पण शब्दन् शब्द पोचत होता. परतताना जीपमध्ये तो मला म्हणाला, "आता इथंच गाऊ आपण." चाचांनी फक्त एवढं सांगितलं की दुसऱ्या गाण्यात माझा ग दोनदा चढला होता.

पुढच्या हंगामात भावाने कपाशी कमी करून सोयाबीन वाढवलं. फॅक्टरी दोन महिने चालली. भावाचा गळा पूर्वीसारखा झाला नाही आणि पथक काळी एकवरच राहिलं.

तोवर मी चाचांना गाण्यासोबत वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं. पावसाळ्यातल्या एका तालमीला भावाने फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी गिटार मांडीवर घेतली. मला वाटलं, आता बोटं पळतील. त्यांनी मोजून चार सूर वाजवले, तेच परत परत. भाऊ श्वास घ्यायला थांबायचा तिथे ते सूर लांबवून धरायचे, आणि तो शब्द उचलायचा तेव्हा बाजूला व्हायचे. भावाच्या ओठांकडे एकटक बघत त्यांनी पूर्ण गाणं तसंच नेलं. भावाला एकदाही खोकला आला नाही. मी तिथे बसून वही उघडली आणि ते चार सूर कोणकोणत्या शब्दांवर नव्हते, ते लिहून घेतलं.