आधी छापून आलेलं भाजीप्रदर्शन

आमच्या काकांचं दुकान छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायचं, पण दुकानावर पाट्या दोन. छत्री-कुलपांची पाटी वहीच्या पुठ्ठ्याएवढी. तिच्या डोक्यावर, तिच्यावर एक थेंबही पडू नये अशी लांबरुंद दुसरी पाटी: ‘वार्ताहर’. जिल्ह्याच्या दैनिकात आमच्या गावाबद्दल जे काही येतं ते काकांच्या हातचं. त्याबद्दल दैनिक त्यांना रोजचा अंक फुकट देतं आणि वर्षाला एक डायरी, तीही मागच्या वर्षीची उरलेली. काकू म्हणते, ती पाटी काढली तर मागची ओल दिसेल, एवढाच तिचा उपयोग. काका म्हणतात, तुला नाही कळायचं.

गावात तसं काही होत नाही, पण जे होत नाही तेही वेळच्या वेळी होतं. उन्हाळा लागायच्या आधी कालव्याची सफाई, थंडीत वाचनालयाची सर्वसाधारण सभा, जिच्यात वाचनालय सोडून सगळ्याची चर्चा होते, आणि पाऊस सरला की बाजाराच्या मैदानात भाजीप्रदर्शन. दर वर्षी तेच नगराध्यक्ष, तेच भाषण, तोच कप, आणि तो कप नेणारे तेच औषधवाले, कारण सर्वांत मोठा भोपळा दर वर्षी त्यांचाच.

म्हणून काकांनी आपली एक पद्धत बसवली होती. पूर्वी बातमीचं पाकीट शेवटच्या बसच्या कंडक्टरकडे द्यावं लागे आणि अध्यक्ष यायच्या आत बस निघून जाई. मग काका बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवत. पुढे पाकीट गेलं, फोन आला, बातमी बोटाने पाठवायची सोय झाली, पण पद्धत तशीच राहिली. आधी बातमी, मग कार्यक्रम. एकदा बातमी गेली की काकांचं मन मोकळं. कार्यक्रमाच्या दिवशी ते घरी छानपैकी ताणून द्यायचे. ज्या समारंभांची वर्णनं वाचून लोक हळवे होत, त्यांतला एकही काकांनी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेला नव्हता. आणि चूक कधी निघाली नाही. सगळं गावच इतकं सांभाळून घ्यायचं.

यंदा वाऱ्याने सांभाळून घेतलं नाही. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री असं वादळ झालं की मैदानातला तंबू उडून कालव्यात जाऊन बसला. प्रदर्शन एक आठवडा पुढे ढकललं. वीज गेलेली, फोन बंद, आणि बातमी केव्हाच गेलेली. काका मेलेला फोन छातीशी धरून रविवारभर घरात येरझाऱ्या घालत होते. काकूने विचारलं, पोटात दुखतंय का. ते म्हणाले, हो.

सोमवारी अंक आला. भाजीप्रदर्शन आल्हाददायक वातावरणात पार पडलं होतं. बालगोपाळांचा किलबिलाट होता, महिलांची उपस्थिती लक्षणीय होती, नगराध्यक्षांनी ‘माती ही माणसाची पहिली शाळा’ असं सांगून उपस्थितांना अंतर्मुख केलं होतं, आणि सर्वांत मोठ्या भोपळ्याचा मान टाळ्यांच्या कडकडाटात औषधवाल्यांना मिळाला होता.

आता गाव काकांना फाडून खाणार, असं आम्हाला वाटलं. पण बस स्टॉपवर वेगळंच चाललेलं. रविवारभर ज्यांनी घरात गळतीखाली बादल्या सरकवल्या होत्या, ते एकमेकांना विचारत होते, कसं झालं प्रदर्शन? चांगलं झालं म्हणतात. आपलं जाणं राहिलं.

नगराध्यक्ष दुकानात आले तेव्हा काका उठून उभे राहिले, शाळेत वेताची छडी येताना दिसली की राहतात तसे. अध्यक्षांना दर वाक्यात ‘या ठिकाणी’ म्हणायची सवय. ते म्हणाले, या ठिकाणी मी जे बोललो ते या ठिकाणी फारच सुंदर आलंय. बोललो कधी, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. औषधवाले तर त्याहून पुढे. त्यांचा आवाज एरवी मऊ, कोणी काहीही सांगितलं तरी ‘काही होत नाही, काही होत नाही’ म्हणत गोळी पुढे करणारा. त्यांनी कात्रणाला प्लॅस्टिक चढवून ते खोकल्याच्या बाटल्यांमध्ये उभं करून ठेवलं होतं.

सगळं निभावून गेलं असतं, पण संपादकांचा फोन आला. त्यांना रंगीत पानासाठी विजेत्याचा भोपळ्यासह फोटो हवा होता. जाता जाता ते म्हणाले, जिल्हाभर पाऊस कोसळत असताना तुमच्याकडे बरं आल्हाददायक होतं. शेजारच्या गावचा वार्ताहर सारखा मागे लागलाय, तुमचं गावही मलाच द्या म्हणतो. आणि हसले. काका घाईघाईने म्हणाले, फोटो धुवायला टाकलाय. हल्ली फोटो कोणी धुवायला टाकत नाही, हे त्यांना फोन ठेवल्यावर आठवलं. त्या दिवशी ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ स्वतःची पाटी बघत राहिले.

शेवटी काकांनी फोटोचं सांगितल्यावर अध्यक्षांनीच तोड काढली. पुढे ढकललेलं प्रदर्शन तर व्हायचंच आहे. मग ते छापून आलंय तसंच करू. फोटो मिळेल, कोणाला कमीपणा नाही.

झालं. काका आयुष्यात पहिल्यांदा कार्यक्रमाच्या आधी मैदानावर हजर. हातात कात्रण. शाळेतून एक अख्खा वर्ग आणला होता आणि बाईंनी त्यांना किलबिलाट करा म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे सगळी मुलं हाताची घडी घालून गप्प उभी. महिलांची उपस्थिती लक्षणीय व्हावी म्हणून काकू आणि तिच्या भिशीतल्या बायकांना पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या आणि त्या, तंबू पुन्हा उडाला तर आधी कोणावर पडेल, याची चर्चा करत होत्या. अध्यक्षांनी छापलेलं भाषण पाठ केलं होतं. छापून तीनच ओळी आल्या होत्या, म्हणून भाषणही तीन ओळींतच संपलं. लोकांना इतका धक्का बसला की त्यांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. काकांनी कात्रणातली ती ओळ पेन्सिलीने खोडली. चेहरा हळूहळू सैल होत होता.

आणि टेलरबाई हातगाडी ढकलत आल्या.

टेलरबाई म्हणजे गावच्या गणवेशांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं शिवणाऱ्या. एकट्या राहतात. तोंडात कायम टाचण्या, म्हणून त्या ओठ न हलवता बोलतात आणि समोरचा माणूस उगाच सावधान होतो. हातगाडीवर अस्तराच्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी कापड ओढलं. भोपळा असा होता की औषधवाल्यांचा भोपळा त्याच्या शेजारी शिकवणीला आल्यासारखा दिसत होता.

औषधवाले म्हणाले, काही होत नाही, काही होत नाही. पण त्यांनाच घाम फुटला होता.

अध्यक्षांनी टेलरबाईंना समजावलं की या ठिकाणी निकाल आधीच लागलेला आहे.

“स्पर्धा कधी झाली?” टेलरबाईंनी टाचण्यांमधून विचारलं.

“स्पर्धा आता व्हायचीय.”

“मग ठेवा काट्यावर.”

“अहो बाई, पेपरात छापून आलंय.”

“माझ्या भोपळ्याला वाचता येत नाही.”

भिशीतल्या बायका खुर्च्या फिरवून बसल्या. इतकी लक्षणीय उपस्थिती त्यांची आयुष्यात झाली नव्हती. तेवढ्यात औषधवाल्यांनी अध्यक्षांना बाजूला घेऊन एक उपाय सुचवला, आणि तो सगळ्यांना ऐकू आला. फोटोत भोपळा बाईंचा घ्यावा, माणूस मात्र मी. छापलेलंही खरं ठरेल आणि भोपळाही मोठा दिसेल. बाईंना दुसरा क्रमांक देऊ. दुसरा क्रमांकही काही वाईट नसतो, असं तो कधीच न मिळालेले औषधवाले म्हणाले.

अध्यक्षांना हे पटलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच काकांकडे पाहिलं, कारण कात्रण त्यांच्या हातात होतं. त्यांनी हो म्हटलं असतं तर पाटी वाचली असती. काका भोपळ्याजवळ गेले. त्यांनी त्याच्यावर हात फिरवला, वाकून पलीकडून पाहिलं. इतक्या भोपळ्यांवर लिहिलेला माणूस, पण हाताने चाचपलेला हा पहिलाच. देठाजवळची माती अजून ओली होती.

“काट्यावर ठेवा,” काका म्हणाले.

काटा असा दणकन खाली गेला की वाद घालायला काही उरलं नाही. कप टेलरबाईंना मिळाला. झेरॉक्सवाल्याने फोनवर फोटो काढला: एका हातात कप, दुसरा हात भोपळ्यावर, आणि फोटोसाठी म्हणून टाचण्या तोंडातून काढलेल्या. त्यामुळे पुष्कळांनी त्यांचं हसू पहिल्यांदाच पाहिलं.

इथपर्यंत काका वाघ होते. घरी आल्यावर मांजर झाले. फोटो पाठवताना खाली काय लिहायचं? खरं लिहावं तर मागची बातमी खोटी, हे आपणच कळवल्यासारखं. म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही. नुसता फोटो पाठवला आणि काकूला सांगितलं की चित्र स्वतःच बोलतं.

चित्र बोललं नाही. संपादकांच्या कचेरीतलं कोणीतरी बोललं. रंगीत पानावर टेलरबाईंचा फोटो आला आणि खाली ओळ: ‘भाजीप्रदर्शनातील विजेते औषध विक्रेते यांच्या भोपळ्यासह त्यांच्या सौभाग्यवती.’

औषधवाल्यांच्या बायकोने काकांच्या दुकानात येऊन एवढंच विचारलं की मी मेले तरी असला रंग अंगावर घालीन का. मग ती माहेरी गेली आणि औषधवाले स्वतःच गोळ्या घेताना दिसू लागले.

टेलरबाई संध्याकाळी आल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. काका छत्रीची तार वाकवत होते, ती वाकवतच राहिले.

“बहिणीने पेपर बघून फोन केला,” टेलरबाई म्हणाल्या. “अभिनंदन म्हणाली. भोपळ्याचं नाही. लग्नाचं.”

काका म्हणाले, चूक कचेरीची आहे.

“कचेरीला मी ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखते. एवढा मोठा भोपळा वाढवला, त्याच्या राखणीपायी आडवं होऊन झोपणं विसरले, आणि सगळा जिल्हा मला कोणाची तरी बायको समजतोय. माझं नाव हवं. माझ्या भोपळ्याखाली. एकदा.”

ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. काकूने त्या रात्री न सांगता त्यांच्या शर्टाला इस्त्री केली, आणि आमच्या घरात हे वादळापेक्षा वाईट लक्षण. शुद्धिपत्र छापून घ्यायचं तर फोनवर होण्यासारखं नव्हतं. संपादकांनी पहिला प्रश्न विचारला असता, मग पहिली बातमी? आणि त्या प्रश्नाच्या उत्तराला पद्धतीपासून सुरुवात करावी लागली असती. सकाळी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दुकानाला आपलंच दुरुस्त केलेलं कुलूप लावलं आणि पहिल्या बसने जिल्ह्याला गेले.

ते परत आले तेव्हा मी टेलरबाईंकडे गणवेशाची टीप मारून घ्यायला बसले होते. काका घरी न जाता थेट तिकडेच आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. टेलरबाईंनी मशीन थांबवलं नाही.

“काय म्हणाले?”

“छापतो म्हणाले. नावासकट. गुरुवारी.”

“आणि तुमचं?”

“माझं छापून झालं,” काका म्हणाले. “आता इथल्या बातम्या शेजारच्या गावचे पाठवतील.”

मशीन थांबलं. टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, पायाने स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, बसा, आणि संपादकांकडे काय काय झालं ते नीट सांगा. काकांनी सवयीने सुरुवात केली की संपादकांनी अत्यंत आपुलकीने स्वागत केलं. टेलरबाईंनी नुसतं पाहिलं. काका थांबले. मग म्हणाले की आधी शिपायाने आत सोडलंच नाही, बाकावर बसवून ठेवलं, पाणीही विचारलं नाही. मग काय झालं, टेलरबाईंनी विचारलं. काका आठवून आठवून सांगू लागले. सवय नव्हती, फार अडखळत होते.