मशीनपुढचा पदर

लेकीने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरला माणसांचे चेहरे ओळखायला शिकवलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकाच माणसाचे ढीगभर फोटो दाखवले की मशीन आपलं आपण शिकतं, असं ती सांगायची. कळसच्या घरी सासरे, म्हणजे आबा, रानात गेले की ती मला अंगणात बसवून फोटो काढायची. माझ्या बाबतीत मशीन कधी चुकलं नव्हतं. मीही गल्लीभर मिरवलं.

परीक्षेला पुण्याहून सर येणार होते आणि ते जिवंत माणूस समोर बसवून बघणार होते. मशीन चुकलं तर लेकीचं वर्ष बुडणार. म्हणून तिने बारामतीला कॉलेजात मलाच बोलावलं. आमचे मालक, लेकीचे वडील, लोणी देवकरला कारखान्यात ड्यूटीवर, त्यामुळे एसटीने आबाच सोबत आले. मी ठेवणीतली साडी नेसले, जणू मलाच बघायला पाहुणे येणार होते. मोठी शहाणी!

कॅमेऱ्यासमोर बसले. सर पुढ्यात, आबा दारात. हात सवयीने वर गेला आणि पदर पार कपाळावर आला.

मशीन घरघरलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. मला वाचता येईनात, पण लेकीच्या तोंडाचं पाणी पळालेलं दिसलं. मशीनने मला ओळखलंच नव्हतं.

"पुन्हा एकदा," सर म्हणाले. "हे शेवटचं."

लेक माझ्याकडे बघत होती. नजर माझ्या कपाळावर, मग दाराकडे, मग परत कपाळावर. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटोत सगळीकडे माझं डोकं उघडं होतं. पण लग्न होऊन आल्यापासून आबांसमोर पदर कधी ढळला नव्हता. लेकीला हे तोंडाने सांगता येईना, मला हात उचलवेना. सरांनी घड्याळात पाहिलं.

मी डोळे मिटले आणि पदर खांद्यावर ओढला.

"आई, डोळे उघड."

मशीन किती वेळ घरघरत होतं कुणास ठाऊक. मग पडद्यावर माझाच अंगणातला फोटो आला. सरांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि लेकीला म्हणाले, पुढच्या खेपेला पदराचेही फोटो घ्या.

मी घाईघाईने पदर सारखा केला. दाराकडे बघायची छाती होईना. आबा खाकरले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "क्यास पिकलं की गं तुजं. आमाला कवा कळलंच न्हाय."