सोडाकाकूंचं बोट

सोडाकाकू कुणाच्याही घरी गेल्या, की चहा यायच्या आत त्यांचं मधलं बोट ओट्यामागच्या फरशीवरून फिरून आलेलं असे. ते बोट त्या उजेडात धरत, निरखत आणि पदराला पुसून टाकत. बोलत एक अक्षर नसत. पण आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत भल्याभल्या बायकांनी त्या बोटाची धास्ती घेतली होती. काकू जिना चढताना दिसल्या, की बायका चहाचं आधण नंतर ठेवत, आधी फडकं शोधत.

माझी त्यांची ओळख जळक्या वासातून झाली. मी नुकताच मोठा ओव्हन घेतला होता, घरून केक करून द्यायचं डोक्यात होतं, आणि पहिलाच केक साच्यातून उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी त्याचा कोळसा झाला. तारेची घासणी घेऊन मी आत डोकं घालून बसले होते. समोरच्या दारातल्या काकू बेल न वाजवता आत आल्या. "कुणाचं काय जळतंय ते बघायला आले," म्हणाल्या आणि घासणी माझ्या हातून काढूनच घेतली. "अगं रेखा, ओव्हन आहे तो, खरकटी कढई नव्हे. ओरखडे पाडलेस तर पुढचा डाग त्यातच बिऱ्हाड करील." माझं नाव त्यांना कसं ठाऊक, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही.

खायचा सोडा पाण्यात कालवून इडलीच्या पिठाइतपत दाट करायचा. तापणाऱ्या सळया सोडून आत सगळीकडे थापायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचं. मग जुन्या बनियनच्या ओल्या फडक्याने पुसायचं, वर व्हिनेगर शिंपडायचं, फसफसलं की पुन्हा पुसायचं. काचेला अर्धं लिंबू, जाळ्यांना बादलीभर गरम पाणी. बस्स. दुकानातला फवारा मी एकदा आणला, तर काकूंनी तो हुंगून दाराबाहेर ठेवला. "जे पोटात चालतं, त्यानंच धुवावं," हे त्यांचं वचन. आणि दुसरं, "डागाला घासू नये, वेळ द्यावा. आपणहून सुटतो." त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सोडाकाकू हे नाव मीच ठेवलं, आणि त्यांनाही ते आवडलं होतं.

माझ्या केकचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा होता. या ओव्हनमध्ये अंडं गेलेलं नाही आणि जाणार नाही. बिनअंड्याचा केक आता सगळेच करतात हो, पण ओव्हन अंड्याच्या केकचाच, साचे तेच. माझ्याकडे यायचे ते ज्यांना तेही चालत नाही असे लोक. यात काकूंचा वाटा मोठा. त्यांचे यजमान गुरुजी, रोज स्कूटरवरून गोदाघाटावर यात्रेकरूंची पूजा सांगायला जात. त्यांच्या घरात कांदा लसूणसुद्धा चार महिने बाहेर. अशा घरची बाई माझा ओव्हन धुते, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?

पंचवटीतल्या एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा केक ठरवायला त्यांची मुलगी आली होती. आजींनी जन्मात केक चाखलेला नव्हता. मुलीने चारचारदा विचारलं, ओव्हन नक्की वेगळा ना. मी उत्तर देण्याआधी काकूच पुढे झाल्या. "अहो, मी स्वतः धुते तो. डोळे मिटून न्या." मुलगी निर्धास्त झाली. आजींनी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मला फोन करून आशीर्वाद दिले. मी ते काकूंना सांगितलं, तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, भरून आलं असेल. काय बाई मी तरी.

त्याच्या थोडं आधीपासूनच माझ्या आईचं दुखणं सुरू झालं होतं. अधूनमधून दोन दिवस कळवणला जावं लागे. घराची किल्ली अर्थातच काकूंकडे. परत यावं तर ओव्हन लख्ख. मी जाताना ठेवला त्याहून लख्ख. आत लिंबाचा वास, काच अशी की तोंड बघावं. मी आईला कौतुकाने सांगितलं. ती अंथरुणातून म्हणाली, "अशी शेजारीन लय नशिबानं भेटती गं. जीव लाव तिला." जीव तर मी कधीच लावला होता. आई थकल्यावर पदर धरायला मला तीच एक बाई दिसत होती.

एकदा आईला बरं वाटलं म्हणून मी एक दिवस आधीच निघाले. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं. जिन्यातच वास आला, आणि तो ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं. आत ओट्यावर सोनेरी केक निवत होता, शेजारी अंड्यांची टरफलं कागदात गुंडाळलेली. ओव्हनच्या दारावर पिवळे ओघळ. आणि वाडग्यात सोडा कालवून तयार.

काकू दचकल्या नाहीत. "हात नको लावू, गरम आहे," म्हणाल्या.

मग खाली बसल्या आणि सांगू लागल्या. ओझरला राहणाऱ्या सुनेला दिवस गेलेले. पोटात काही ठरत नाही, फक्त अंड्याचा मऊ केक मागते, तोही सासूच्या हातचा. तिच्याकडे ओव्हन नाही. "डोहाळे मोडायचे नसतात गं. पोटातल्या जिवाचं मागणं असतं ते."

"मग तुमच्याकडे करायचा. कुकरमध्येही होतो."

"आमच्या घरात नाही चालत. हे घाटावरून येतात, देव आहेत घरात."

"आणि माझ्या घरात चालतं?"

"मी धुऊनच ठेवत होते ना? तुझ्यापेक्षा स्वच्छ."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो लखलखाट माझ्यासाठी नव्हताच. स्वतःचं सोवळं जपायला माझं घर बाटवलं होतं, आणि मी वेडी आल्यागेल्याला ती काच दाखवत सुटले होते. एका शब्दाने विचारलं असतं तर मी दुसरा ओव्हन मागून आणला असता, ओझरला जाऊन स्वतः केक करून दिला असता. विचारलं नाही, कारण विचारायची गरजच वाटली नाही. किल्ली होती. आणि आजींच्या लेकीसमोर छातीवर हात ठेवून बोलताना या बाईची जीभ अडखळली नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्या वाडगं घेऊन उठल्या. मी म्हटलं, "राहू द्या काकू. आज धुवायचा नाही." त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली आणि केक पदराखाली झाकून गेल्या.

मी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं. काहींनी समजून घेतलं, बरेच गेले. आजींच्या मुलीने फोन आजींकडेच दिला. त्या म्हणाल्या, "तुला ठाऊक नव्हतं ना, मग तुझ्याकडे दोष नाही. पण बाळ, मला आता केक नको." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दुसरा ओव्हन घेतला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जुना तसाच, न पुसता, गॅलरीत पडून राहिला. समोरच्या दाराशी बोलणं संपलं. काकूंच्या नातीचं बारसं झालं, पेढे माझ्या घरी दुसऱ्याच कुणाच्या हाती आले. कधी जिन्यात भेट झाली तर काकू भिंतीकडे बघत.

मग दोन-तीन वर्षांनी गुरुजींचे गुडघे गेले आणि दोघं कायमची ओझरला मुलाकडे निघाली. सामानाचा टेम्पो खाली उभा असताना काकू माझ्या दारात आल्या. पहिल्यांदाच बेल वाजवून.

"तो जुना ओव्हन काढून टाकणार आहेस म्हणे. मला देतेस? नात मागते केक. तिकडे सुनेच्या घरी सगळं चालतं."

मी गॅलरीकडे हात केला. त्यांनी ओव्हनचं दार उघडलं, वाकल्या, आणि सवयीने मधलं बोट आतून फिरवलं. त्यांचेच पिवळे ओघळ, आता वाळून काळे पडलेले. बोट उजेडात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. पदराला पुसलं मात्र नाही.

"रेखा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थोडा सोडा आहे का गं घरात?"

सोड्याची बरणी ओट्यावर होती, त्यांना दिसेल अशी.

"नाही," मी म्हटलं.