कापलेलं चौथं वाक्य

ऑफिसात त्याला सगळे 'कात्री' म्हणायचे आणि या पठ्ठ्याला ते चक्क आवडायचं! प्रोग्रॅमर जी फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, बनवतात ती कशी वापरायची, याची माहितीपुस्तिका लिहिणं हे त्याचं काम. प्रोग्रॅमर दहा वाक्यं खरडून द्यायचे, हा त्यातली सहा उडवायचा आणि उरलेली चार घरी आईला वाचून दाखवायचा. आई मटार सोलता सोलता "छान" म्हणायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तेवढ्यावर स्वारी खूश.

गेल्या वर्षी त्याच्याकडे असंच एका फंक्शनचं पान आलं. काम अगदी साधं. फंक्शनला मजकूर द्यायचा आणि रुंदी द्यायची. रुंदी वीस आणि मजकूर पाच अक्षरांचा असेल, तर ते पुढे पंधरा मोकळ्या जागा भरतं, म्हणजे छापताना पुढचे रकाने एकाखाली एक नीट लागतात. ज्या बाईंनी हे फंक्शन बनवलं, त्यांनी चार वाक्यं लिहिली होती. चौथं असं होतं: 'मजकूर रुंदीपेक्षा लांब असेल तर तो कापला जात नाही, पूर्ण छापला जातो आणि त्याच्या पुढचं सगळं सरकतं.'

"हे तर शेंबड्या पोरालाही कळतं," म्हणत कात्रीने ते उडवलं.

"अहो, राहू द्या. लोक चुकतील," बाई म्हणाल्या.

"लोकांना अक्कल असते, बाई."

असते ना. त्याच्याकडेच तेवढी जरा कमी होती, पण ते कळायला वर्ष जायचं होतं.

वर्षाने आईच्या पित्ताशयात खडे निघाले. दोन घास खाल्ले की बिचारी पोट धरून बसायची. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. शनिवारपासून सर्जन महिनाभर सुट्टीवर, म्हणून रक्ताचा रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवाच होता. मंगळवारी रक्त दिलं. बुधवारी लॅबमधून फोन आला, "नळीवर नंबर नाही, रक्त फेकून द्यावं लागलं." बुधवारी पुन्हा दिलं. गुरुवारी सकाळी पुन्हा तोच फोन! आईची शीर काही लवकर सापडायची नाही. टोचून टोचून दोन्ही हात काळेनिळे झाले होते.

मग कात्रीचं डोकं फिरलं. आईला घेऊन तो लॅबमध्ये गेला आणि दारातूनच सुरू झाला. "लॅब आहे की पोरखेळ? साधा एक नंबर छापता येत नाही?"

रक्त घेणाऱ्या ताईंनी शांतपणे त्याच्यासमोर स्टिकर ठेवलं. आईचं नाव, वडिलांचं नाव, वर जोडआडनाव. सगळा लवाजमा स्टिकरच्या कडेपर्यंत पोचला होता आणि मागून येणाऱ्या नंबराला जागाच उरली नव्हती.

"लांब नावांचंच असं होतंय," ताई म्हणाल्या. "सोमवारी नवा प्रोग्रॅम बसवला, तेव्हापासून."

ज्याने तो बसवला तो कॉम्प्युटरवाला लॅपटॉप घेऊन धावत आला. "मी पुस्तिकेत आहे तसंच केलंय हो! रुंदी वीस दिली. मला वाटलं, नाव विसात बसेल आणि पुढे नंबर येईल. हे बघा ना."

कात्रीने बघितलं. तीन वाक्यं. सुबक, घोटीव. त्याचीच.

"लांब नाव आलं तर काय, हे लिहिलेलंच नाही," कॉम्प्युटरवाला चिडून म्हणाला. "कोण गाढव लिहितं असलं?"

"असेल कोणी दीडशहाणा," ताई म्हणाल्या.

गप्प राहिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. तसं त्याच्या मनात आलंही. पण समोर बाकावर आई मुकाट्याने तिसऱ्यांदा बाही वर करत होती.

"मीच तो," कात्री म्हणाला. "चौथं वाक्य होतं. मी कापलं."

ताईंनी पेन काढून नव्या स्टिकरवर ठळक नंबर लिहिला आणि सुई हातात घेतली. कात्रीने आईचा दुसरा हात धरला. त्याला इतकी लाज वाटत होती की वर बघवेना.

"का रे कापलंस?" आईने विचारलं.

"छोटं छान दिसतं म्हणून."

"मला वाचून दाखवलं होतंस?"

"हो."

"मग मी काय म्हटलं?"

"छान."

"म्हणजे गाढवं दोन," म्हणत आई हसली, तशा ताई ओरडल्या, "आजी, हलू नका!"

रिपोर्ट वेळेवर आला, शुक्रवारी ऑपरेशन नीट पार पडलं. ऑफिसातल्या त्या बाईंनी चौथं वाक्य जपून ठेवलं होतं. त्याने मागताच त्यांनी ते पाठवलं, तेही एका शब्दाने टोमणा न मारता, आणि हेच त्याला जास्त झोंबलं.

शनिवारी आईच्या खाटेजवळ बसून त्याने ती चारही वाक्यं वाचली. उदाहरणाला आईचं नाव घेतलं होतं, पूर्ण, जोडआडनावासकट. वाचून झाल्यावर तो सवयीने थांबला.

आई 'छान' म्हणाली नाही.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. त्याने वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "नंबर सरकतो, हे कळलं. पण सरकू नये म्हणून त्या माणसाने काय करायचं? ते कुठे लिहिलंयस?"

कात्रीने खिशातून पेन काढलं आणि पाचवं वाक्य लिहायला घेतलं.