एका पावाची चकती

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आम्ही एक श्रेबरगार्टन भाड्यानं घेतला होता, गावाबाहेर बागेचा छोटा तुकडा. सासरे भारतातून आले आणि आठवडाभरात घरात बसून कंटाळले. मग मेथीसाठी वाफा खणायला लागले. खणता खणता फावड्याला काळी पडलेली एक गोल चकती लागली.

घरी आणून मी ती चिंचेनं घासली. लालसर तांबं निघालं. एका बाजूला गव्हाची ओंबी आणि पुसट नाव, दुसऱ्या बाजूला ‘गूट फ्यूर आइन ब्रोट’.

“म्हणजे काय गं?”

“एका पावासाठी चालेल, बाबा.”

ते एकदम सावरून बसले. “अगं, हे सरकारी नाणंच नाही! चिल्लर मिळेनाशी झाली की मीसुद्धा दुकानातून शिक्का मारलेले पुठ्ठ्याचे तुकडे द्यायचो. अख्ख्या पेठेत चालायचे. पण तांब्याचे? एवढा खर्च कोण करतं?”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेतल्या आजींना चकती दाखवली, बाबांचा अंदाज सांगितला. “गेनाऊ, अगदी बरोबर!” त्या म्हणाल्या. पहिल्या महायुद्धात सुटे पैसे गायब झाले, तेव्हा दुकानदार आणि कारखानेसुद्धा स्वतःची नाणी काढायचे, असं त्यांनी आईकडून ऐकलं होतं. “पण ती जस्ताची, नाहीतर लोखंडाची. तांबं तर सगळं लढाईला जायचं. ही त्याच्या आधीची असेल का?” त्यांनाही सांगता येईना.

सासऱ्यांना राहवेना. आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. पुसट नावातली दिसत होती तेवढी अक्षरं मी काउंटरवरच्या बाईंना वाचून दाखवली. हे आडनाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चकती उजेडात धरली, मग रांगेतल्या माणसांकडे दिली. ती हातोहात फिरली. कुणी ओंबीवर बोट फिरवलं, कुणी वजन अजमावलं. घाई कुणालाच नव्हती.

परत हातात आल्यावर बाई हसून म्हणाल्या, “हो, लिहिलंय तर द्यायला हवा,” आणि राय नावाच्या धान्याचा एक मोठा पाव कागदात गुंडाळून सासऱ्यांच्या हातात ठेवला.

मला वाटलं, ते चकती खिशात टाकतील. त्यांनी ती काउंटरवर ठेवली.

“अहो बाबा, राहू द्या ना आपल्याकडे!”

“पाव घेतला ना आपण?” ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी पावाचा तुकडा मोडला. तो आंबट निघाला. तोंड वाकडं करत ते सगळा खात राहिले.