हमीदाआपांच्या यादीतलं शेवटचं नाव

फोन हमीदाआपांच्या अस्लमचा होता. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाला. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, त्या मोजायच्या राहूनच गेल्या. आणि खरं सांगते, आधी रडू नाही आलं, राग आला. तीन आठवडे आम्ही दोघी बोलत नव्हतो, आणि या बाई खुशाल निघून गेल्या! भांडण अर्धं टाकून उठायची सवय त्यांना कधीच नव्हती.

हमीदाआपा कसबा पेठेत आमच्या समोरच्या दारात राहायच्या आणि शिवणकाम करायच्या. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी शिवलेला ब्लाउज मला अगदी छान बसला होता. पण त्यांनी मला दारातून परत बोलावलं, ब्लाउज काढून घेतला आणि उसवला. "हा खांदा मला पटलेला नाही." गिऱ्हाईक खूश आणि शिंपीण नाखूश! तेव्हाच ओळखलं, की हे प्रकरण सोपं नाही. पुढे आम्ही धायरीला राहायला आलो, तरी आमचं येणं-जाणं तसंच राहिलं.

थंडीतल्या एका रविवारी दोन्ही घरांची सहल ठरलेली असायची. कॅम्पापलीकडच्या त्या जुन्या, मोठ्या बागेत जायचं. माझ्याकडे पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, त्यांच्याकडे गुळाचे गुलगुले. पोरं मांडीएवढ्या जाड वेलीवर झोके घ्यायची, ओढ्यात चपला वाहून घालवायची, मग फुलांच्या वाफ्यांवरून रखवालदाराची बोलणी खायची. जेवणं झाली, की आपा टाळी वाजवायच्या आणि सगळ्यांना ओढ्याकाठच्या एका प्रचंड झाडाखाली न्यायच्या. त्यांचे आजोबा, म्हणजे त्यांच्या बोलीत दादा, इंग्रजांच्या काळात याच बागेत भिश्ती होते, पाठीवर कातडी पखाल घेऊन झाडांना पाणी घालायचे. "आणि हे झाड माझ्या दादांनी लावलं," असं सांगताना आपांचा आवाज वेगळाच व्हायचा. मग घरून आणलेला तांब्याचा तांब्या भरून त्या बुंध्याशी ओतायच्या. "अहो आपा, एवढ्या झाडाला तांब्याभर पाणी? दर्यात खसखस!" मी चिडवायची. "दादांना कुणी असं विचारलं असतं, तर बाग उभी राहिली असती का गं?" त्या म्हणायच्या.

गेल्या थंडीत आम्ही पोहोचलो, तर त्याच झाडाखाली गर्दी. वनस्पतीशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक लोकांना झाडांची माहिती देत होते. जुन्या नकाशाची प्रत दाखवून म्हणाले, बाग आखली तेव्हाही हे झाड इथे मोठंच होतं. आपांनी तो कागद हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितला, साल विचारलं. त्या साली दादा जन्मलेच नव्हते...

परतीच्या बसमध्ये त्या एकदम म्हणाल्या, "वहिनी, मी आयुष्यभर लोकांना खोटं सांगत आले."

"खोटं कसलं? घरात ऐकलं तेच सांगितलंत ना? चुकून झालं."

"चुकून उसवलं, तरी शिवावं लागतंच."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक वही आणली आणि ज्यांना ज्यांना झाडाखाली उभं करून ती गोष्ट सांगितली होती, त्यांची नावं लिहून काढली. गुडघे बोंबलत होते, तरी निघाल्या एकेकाकडे. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे मीही सोबत गेले होते. ती बाई म्हणाली, "अहो, तुम्ही काय सांगितलं होतं, तेच मला आठवत नाही!" आपा म्हणाल्या, "बरं झालं. आता बरोबर तेवढंच लक्षात ठेवा." आणि दोन जिने धरत धरत उतरल्या.

शेवटचं नाव माझ्या नातीचं, रेवाचं होतं. तिने शाळेत याच झाडावर निबंध लिहिला होता. पहिला नंबर आला, वर्गात वाचून दाखवला आणि त्याचं प्रशस्तिपत्र आमच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. मी आपांना स्पष्ट सांगितलं, "एवढं नाव खोडा. दहा वर्षांची पोर आहे, हिरमुसेल. तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल, निस्तरायचं आम्हाला."

"तू तिला काचेची समजतेस, वहिनी."

"माझी नात आहे. काय समजायचं ते मी बघेन."

आपा उठल्या. चहा तसाच राहिला. त्यानंतर फोन आला, तो अस्लमचाच.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर अस्लम धायरीला आला. "हे तुम्हाला द्यायचं, असं अम्मीनं सांगून ठेवलं होतं," म्हणत त्याने वही आणि तांब्या पुढे ठेवला. वहीतल्या सगळ्या नावांवर रेघ होती. रेवाच्या नव्हती. शाळा आपांना माहीत होती, मधल्या सुट्टीत जाऊन पाच मिनिटांत सांगता आलं असतं. पण त्या माझ्या पाठीमागून गेल्या नाहीत, माझ्या होकारासाठी थांबून राहिल्या. तेव्हा मात्र मी अस्लमसमोरच हमसून हमसून रडले.

मागच्या रविवारी रेवाला घेऊन बागेत गेले. झाडाखाली बसून सगळं सांगितलं. दादांनी झाड लावलं नव्हतं, फक्त पाणी घातलं होतं. ती लालबुंद झाली. "म्हणजे माझा निबंध चूक? आणि तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "आपाआजी सांगणार होत्या. मी नको म्हटलं. चुकलं माझं."

मग माझ्या पिशवीतून तिने वही काढली, पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर रेघ मारली. मला वाटलं, संपलं. पण तिने पान उलटलं आणि वर वर्गाच्या बाईंचं नाव लिहिलं. त्याखाली दुसरं, मग तिसरं.

"हे काय गं?"

"वर्गात वाचून दाखवला होता ना मी," मान वर न करता ती म्हणाली. "सगळ्यांना सांगावं लागेल. तू थांब, मला हजेरी आठवू दे."

तिची हजेरी चालली होती, तोवर मी तांब्या घेऊन नळाकडे गेले.