लाईटवाल्या नानांचा फोटो

तुमचा एकट्याचा, नीट समोर बघत असलेला, भिंतीवर लावता येईल असा एक तरी फोटो तुमच्या घरात आहे का? खरं सांगा. गॉगल घातलेला धरायचा नाही. आधारकार्डावरचा तर नाहीच (त्यात आपण सगळेच नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतो). आमच्या नानांचा असा एकही फोटो नाही. आणि आमच्या घरात फोटोग्राफर आहे. ती मी.

कुंडलात माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, एक निळा पडदा, एक स्टूल आणि दारावर मी स्वतः लिहून चिकटवलेलं पत्रक: 'येथे कोणालाही गोरे करून मिळणार नाही. कातडीची लाज वाटणे हा माणसाचा दोष नव्हे; ती लाज विकणे हा गुन्हा आहे.' मला अक्षरओळख झाली ती नानांनी मेळाव्यांतून आणलेल्या पातळ पुस्तिकांवर. त्यामुळे मी दुकानाची साधी सूचना लिहायला घेतली तरी तिचा जाहीरनामा होतो! गिऱ्हाईक यायचं, पत्रक वाचायचं आणि तरीही म्हणायचं, "ताई, नवरीला जरा उजळा की."

"उजळायची गरज नवरीला नाही, तुमच्या विचारांना आहे!"

गिऱ्हाईक पुढच्या स्टुडिओत जायचं. पायरीवर बसलेले नाना मान हलवायचे. "सुजे, विचार बराबर हाय. पर गिऱ्हाईक गेलं."

नाना म्हणजे माझे चुलते. माधवनगरच्या एका गिरणीत होते. ती बंद पडल्यावर काकीला घेऊन गावी परतले. मी लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागले तेव्हा आईने अट घातली: घरातला एक बाप्या बरोबर असल्याशिवाय पोरगी बाहेरगावी जाणार नाही. स्त्रीच्या संचारस्वातंत्र्यावरच्या या घाल्याचा निषेध मी लेखी नोंदवला. आईने तो निषेध शांतपणे वाचला, घडी घातली आणि डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवला. कपाट स्थिर झालं. मी नानांबरोबर गेले.

नुसते बसून नाना कंटाळतील म्हणून मी त्यांच्या हातात लाईट दिला. झालं! मांडवात फोटोग्राफर म्हणून मान त्यांना मिळायला लागला.

"आवं फोटोग्राफर, जेवून घ्या. तुमची पोरगी गुणाची हाय, तुमचा क्यामेरा धरती!"

"क्यामेरा तिचाच हाय," नाना सांगायचे. "मी निस्ता खांब हाय."

पण या खांबाचं आणखी एक काम होतं. वऱ्हाड येण्याआधी स्टेजवरचा उजेड तपासायला कुणाला तरी खुर्चीत बसवून एक-दोन फोटो काढावे लागतात. ते कुणी तरी म्हणजे कायम नाना. त्यामुळे मी टिपलेल्या प्रत्येक लग्नाचा पहिला फोटो एकच असायचा: नवरदेवाच्या खुर्चीत नाना, पाठ ताठ, हात गुडघ्यावर, शेजारची खुर्ची रिकामी. वाईला एका कार्यालयात नवरीची आत्या नेमकी तेवढ्यात आत आली आणि दारातच किंचाळली, "आगं आई गं! ह्यो नवरा? पोरीचं वाटूळं केलंसा की रं!" नाना खुर्चीतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "घाबरू नगा. माझं झालंय."

तर, माझा जुना कॉम्प्युटर. तो चालू करायचा, घरी जायचं, जेवायचं, परत यायचं. एका जोडप्याचा लग्नाचा अल्बम मी त्यांच्या बाळाच्या बारशात दिला होता. शेवटी नाना आणि मी सांगलीला गेलो आणि नवा कॅमेरा, नवा कॉम्प्युटर दोन्ही घेऊन टाकलं. दुकानातला मुलगा दर वाक्याला एकच सांगत होता, "मॅडम, ह्यात सगळं आपोआप होतं."

नानांनी विचारलं, "मग मानूस लागतो का न्हाई?"

"माणूस लागतो की काका!"

"गिरणीत नवं मशीन आलं तवाबी आसंच म्हणलं हुतं," नाना म्हणाले आणि खोकं उचलून एसटी स्टँडकडे चालू लागले.

स्टुडिओत आल्याआल्या मी कॅमेऱ्याला बॅटरी घातली आणि नानांना दारात उभं केलं. "नाना, हलू नका!" खटाक्. फोटो नीट बघितलाही नाही, कारण मला कॉम्प्युटर जोडायची घाई होती. जुन्या कॉम्प्युटरमधली सगळी लग्नं नव्यात भरली. नव्याने अदबीने विचारलं: हललेले, डोळे मिटलेले आणि चाचणीसाठी काढलेले फोटो वेगळे केले आहेत, काढून टाकू का? किती समजूतदार यंत्र! मी म्हटलं, टाक बाबा. त्याने टाकले. नवीन घरात केर नको!

मग जुन्या कॉम्प्युटरला भंगारवाला आला. तिथे माझं तत्त्व जागं झालं. "यात लोकांच्या आयाबहिणींचे फोटो आहेत. खाजगीपणा हा माणसाचा हक्क आहे! मी हा कोरा केल्याशिवाय देणार नाही." मी तो असा पुसला की कुणाच्या बापाला परत काही मिळू नये. भंगारवाला पायरीवर बसून दोनदा झोपला. नाना म्हणाले, "बरं केलंस पोरी. लोकांच्या लेकीबाळी हाईत त्यात."

लेकीबाळी होत्या. नानाही होते. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांत नाना गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

काकी रडली नाही. चुलीकडे बघत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "सुजा, त्यांचा एक मोठा फोटू काढून दी. माझ्याकडं एकबी न्हाई. लग्नातला माधवनगरात पुराच्या पाण्यात गेला. तुझ्याकडं तर ढीग आसत्याल."

"आहेत की काकी!" म्हणत मी स्टुडिओत पळाले.

एकेक लग्न उघडत गेले. प्रत्येक लग्न आता थेट नवरीपासून सुरू होत होतं. नाना कुठेच नाहीत! एका फोटोच्या कडेला कोपर. एका ठिकाणी लाईट धरलेली बोटं. एका भिंतीवर सावली. (कोपर ठेवलं होतं, कारण यंत्राच्या मते ते स्पष्ट आलं होतं.) माझा मोबाइल चाळला. त्यात अनोळखी वऱ्हाडी, अनोळखी केक, अनोळखी घोडे होते. नानांकडे बटणांचा फोन. आधारकार्डावरचा फोटो मोठा केला तर नुसते ठिपके झाले. सांगलीच्या एका दुरुस्तीवाल्याने भंगारातून तो जुना कॉम्प्युटर मिळवून तपासला आणि विचारलं, "एवढं स्वच्छ कुणी पुसलंय?"

"मीच."

"लय मन लावून पुसलंय, ताई."

आणि मग सापडला! दारात काढलेला, कॅमेऱ्यातच राहून गेलेला, नव्या कॅमेऱ्याचा पहिलावहिला फोटो. मला हुंदका आला. डोळे पुसत मी तो तसाच फ्लेक्सवाल्याकडे पाठवून दिला. डोळे आधी पुसायला हवे होते.

जलदानाच्या, म्हणजे नानांना शेवटची वंदना द्यायच्या दिवशी अंगणात पांढऱ्या कपड्यांत सगळा गोतावळा जमला. फ्लेक्स उलगडला. वर 'भावपूर्ण आदरांजली', खाली नानांचं पूर्ण नाव, आणि मध्ये एक गोरापान, गुलाबी ओठांचा, सुरकुती नसलेला तरुण. कंपनीने त्या कॅमेऱ्यात चेहरे उजळण्याची सोय आधीच चालू करून ठेवली होती. मी ती बंद केली नव्हती. मी! पत्रकवाली!

"पाव्हणं कोन हे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"आवं, नानाच की."

"न्हाई वो. नाना काळं हुतं."

नानांबरोबर गिरणीत असलेले एक गृहस्थ माधवनगरहून आले. फ्लेक्स बघितला आणि घर चुकलं म्हणून शेजारच्या गल्लीत गेले. फिरून परत आले आणि माझ्या आईला हळूच म्हणाले, "वैनी, नाव बराबर हाय, पर मानूस दुसराच हाय." पोरी तोंडात पदर कोंबायला लागल्या. बुद्धवंदना झाली, फुलं वाहायची वेळ आली. पहिला मान काकीचा. तिने फ्लेक्सकडे बघितलं आणि ओंजळ तशीच धरून ठेवली.

"काकी, वाहा की फुलं," मी कुजबुजले.

"मी न्हाई वाहनार. ह्या बाप्यासंगं मी संसार न्हाई केला."

अंगणात हसू फुटलं. मग एकदम थांबलं, कारण काकी रडायला लागली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या दुपारी मी स्टुडिओत बसून नानांना काळं करत होते. गोरं करायला नकार देऊन धंदा बुडवलेली बाई, स्वतःच्या रंगावर कधी एक शब्द न बोललेल्या माणसाला काळं करत बसली होती! पहिल्यांदा ते राखेचे झाले. मग जांभळे. मग भाजल्यासारखे. सुरकुत्या तर कुठल्याच बटणाने येईनात. मी सगळे छापून काकीपुढे मांडले.

"ह्यो आजारी हाय," काकी म्हणाली. "ह्यो निळा कोन? आन ह्याला तर कुनीतरी मारलंय."

"काकी, तुम्हीच सांगा, त्यांचा रंग नेमका कसा होता?"

"कसा म्हंजी? त्यांचा हुता तसा."

तिने भिंतीवर खिळा ठोकून घेतलाय. खिळ्यावर काही नाही. सांजवेळी ती खाली बसून तिकडे बघत असते. मी गेले की नजर काढते, मला वाईट वाटू नये म्हणून.

तर वाचकहो, एक काम करा. गेल्या काही वर्षांत पलूसकडे, सांगलीत, वाईत तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला गेला असाल, आणि फोटोग्राफरला आडवं येऊन मोबाइलवर फोटोही काढले असतील. (तेव्हा मी तुमच्यावर खेकसले असेन. माफ करा.) ते फोटो आज उघडा. नवरा-नवरी सोडा, मागे बघा. पांढऱ्या सदऱ्यातला, लाईट उंच धरून उभा असलेला एक काळासावळा माणूस दिसेल. चेहरा ओळखू येत असेल तर तो फोटो आहे तसा छापून घ्या, कुंडलात या, विहाराजवळ लाईटवाल्या नानांचं घर विचारा आणि फोटो थेट काकीच्या हातात द्या. फक्त वाटेत माझा स्टुडिओ लागतो. तिथे थांबू नका.